देवाला रजा नाही

सिंधुदुर्गात देव आहे की नाही यावर कोणी वाद घालत नाही. वाद असतो तो देव काल नेमके काय बोलला यावर. मुंबईत शिकून पुरोगामी होऊन आलेला माणूसही इथे जपून बोलतो. "माझो देवाबिवावर विश्वास नाय," असे तो चहा पिता पिता ठणकावून सांगतो आणि कप खाली ठेवताना आवाज उतरवून जोडतो, "पण आमच्या रवळनाथाचा वेगळा आसा."

वेगळे असतेच. विष्णू, शंकर, ब्रह्मदेव ही वरची मंडळी. त्यांचे उपासतापास होतात, त्यांच्या आरत्या पाठ असतात, पण म्हैस हरवली तर कोणी वैकुंठाकडे बघत नाही. त्यासाठी गावचा देव. रवळनाथ, सातेरी, पावणाई, माउली, भूमिका, लिंगेश्वर, वेतोबा. सरकारदरबारी तलाठ्याचे जे स्थान, तेच देवांच्या दुनियेत ग्रामदेवतेचे: हुद्दा लहान, पण सही त्याचीच लागते.

साहजिकच कामाचा सगळा बोजा याच देवावर पडतो. आंब्याचा मोहर, बावीचे पाणी, कोर्टातली केस, मुलीचे स्थळ, आखाती देशाचा व्हिसा, सगळ्या फायली त्याच्याच टेबलावर. पंढरपूरच्या विठोबाला निदान आषाढीनंतर चार महिने झोपायची सोय शास्त्राने करून ठेवली आहे. गावच्या देवाला चातुर्मास नाही आणि रविवारही नाही. रविवारी तर उलट गर्दी जास्त, कारण शनिवारी रात्रीच्या गाडीने चाकरमानी आलेले असतात.

देवापुढे अर्ज करायची रीत म्हणजे गाऱ्हाणे. हे मनातल्या मनात घालायचे नसते. डोळे मिटून, हात जोडून, ओठ हलवत मागणे मागणारा भक्त इथे संशयास्पद ठरतो. एवढे लपवून काय मागतोय, असे मागे उभे असलेल्यांना वाटते. गाऱ्हाणे गुरव किंवा मानकरी घालतो, खणखणीत आवाजात, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून अनुमोदन देतात. ग्रामसभेत कोरम होत नाही. देवळात कधी कोरम मोडल्याचे ऐकिवात नाही.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो जो काय तुझो लेकरू आज तुझ्या पायाकडे इलो हा, तेचो झील थंय मुंबयत आसा, डोंबिवलीक..."

"इस्टाक," मागून बाप सुचवतो.

"...डोंबिवली इस्टाक. तेका नोकरी लागली, पण ती आसा टेम्परवारी. ती पर्मनंट कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या लग्नाचा खंय जमणा नाय, तां जमव. आणि कोण तेच्या वायटावर आसात, कोणी काय केला-सवरला आसात, तां जेचा तेका परत पोचव म्हाराजा!"

या शेवटच्या कलमाला "व्हय म्हाराजा" सर्वांत जोरात येतो. मौज अशी की ज्याच्याबद्दल हे कलम आहे तो चुलत चुलता तिथेच खांबाला टेकून उभा असतो आणि त्याचाही आवाज त्यात असतो. न ओरडावे तर लोक बघतात. शिवाय पुढच्या आठवड्यात त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे असतेच. त्यातही हेच कलम, फक्त उलट्या दिशेने. दोन्ही अर्ज एकाच कचेरीत, एकाच गुरवामार्फत. निकाल देताना देवाची काय अवस्था होत असेल ते त्याचे त्यालाच माहीत.

निकाल लागतो तो कौलाने. ओल्या फुलाच्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. प्रत्येक देवळाची तपशिलाची तऱ्हा निराळी असते, पण उजवा चांगला आणि डावा वाईट यावर सर्वत्र एकमत आहे. याबाबत डाव्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही कधी हरकत घेतलेली मला आठवत नाही.

कौल लावण्याआधी एक काम न विसरता करायचे असते. पंखे बंद. देवाने निर्णय घेताना त्याच्यावर वाऱ्याचा दबाव नको. आणि पंखे बंद झाले की एक अनपेक्षित गोष्ट घडते: पात्यांवरची नावे वाचता येऊ लागतात. कोकणातल्या देवळात पंखा नुसता नसतो, तो कोणाच्या तरी स्मरणार्थ असतो, आणि ते स्मरण तीन पात्यांवर लाल रंगाने वाटून लिहिलेले असते. पहिल्या पात्यावर 'कै.' आणि नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर 'यांजकडून' किंवा 'हस्ते' आणि देणगीदाराचे नाव. पंखा फिरत असला की कैलासवासी आणि हयात यांची सरमिसळ होते. तो थांबला की मंडळी माना वर करून वाचू लागतात. "अरे, बाबल्याच्या आजोबांचो काय ह्यो?" "नाय रे, तेंचो तो तिकडचो, आवाज करता तो." अशी चर्चा रंगात येते तोच गुरव "शूऽऽ" करतो, कारण एक पाकळी हललेली असते.

ती पाकळी. घामाने भिजलेली वीस-पंचवीस माणसे त्या एका पाकळीकडे ज्या एकाग्रतेने बघतात त्या एकाग्रतेने दहावीचा अभ्यास केला असता तर कौल लावायची वेळ आली नसती. पाकळी सरकते, थांबते, लोंबकळते. गुरव तिला चुचकारतो: "दी, दी रे म्हाराजा, उजवी दी, लेकराचा भला कर." म्हणजे प्रश्न विचारणाराही तो, उत्तर सुचवणाराही तो. तरी पाकळी डावीकडची पडते. मग क्षणभर शांतता. मग एखादा जाणता म्हातारा घसा खाकरून म्हणतो, "प्रश्न नीट इचारूक नाय." की पुन्हा पाकळ्या, पुन्हा प्रश्न, या वेळी शब्द थोडे बदलून. देव बदलता येत नाही, पण प्रश्नाची शब्दरचना आपल्या हातात असते. या कलेत मुरलेली माणसे पुढे पंचायत समितीवर निवडून येतात.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा या सगळ्या कष्टाळू देवांमध्ये सर्वांत कष्टाळू. धोतर नेसलेला, मिशा राखलेला, माणसाहून चांगला उंच असा हा देव उभा आहे. बसलेला नाही. बसायला वेळच नाही, कारण रात्री त्याला गावाची गस्त घालायची असते. शिवेवरून चालत तो आख्खा गाव राखतो अशी श्रद्धा आहे, आणि एवढे चालायचे म्हणजे पायात काहीतरी हवे. म्हणून नवस फेडायला लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात. साध्यासुध्या नव्हेत, कुठल्याही मनुष्यप्राण्याच्या पायात बसणार नाहीत अशा, जाड तळव्यांच्या, अंगठ्याच्या, खास करवून घेतलेल्या.

सगळ्या हिंदुस्थानात चपला देवळाबाहेर काढायच्या आणि आत देवाचे दर्शन घेताना अर्धे लक्ष त्यांच्याकडे ठेवायचे अशी पद्धत आहे. आरवलीत चपला आत जातात, थेट देवापुढे, आणि लोक त्यांनाही नमस्कार करतात. गावकरी सांगतात की नव्या कोऱ्या चपला ठेवल्या की काही दिवसांनी त्यांचे तळवे झिजलेले दिसतात. येणारा पाहुणा त्या चपला उलटून बघतो. मीही बघितल्या. टाचेकडे झिजलेल्या होत्या. शंकेखोर माणसाला चामड्याविषयी, दमट हवेविषयी, कोकणातल्या पावसाविषयी पुष्कळ बोलता येईल. पण त्याने तिथे उभे राहून ते बोलून बघावे. कोणी चिडणार नाही. एखादी म्हातारी शांतपणे विचारील, "मगे तुझ्या घराकडे चपला आसत मां? त्यो पण दमट हवेतच आसत. न घालता झिजतत?" आणि शंकेखोराजवळ याला उत्तर नसते.

वेतोबाचे दुसरे आवडते म्हणजे केळी. नवसाला केळीचे घडच्या घड येतात. रात्रभर चालणाऱ्याला केळी बरी, हे आता मॅरेथॉनवाले डॉक्टरही सांगतात. आरवलीकरांना ते कुठल्याही डॉक्टरशिवाय समजले होते. जयवंत दळवी याच गावचे. 'ठणठणपाळ' या नावाने त्यांनी मराठी साहित्यातल्या मोठमोठ्या दैवतांची यथेच्छ टिंगल केली. एवढ्या सगळ्यांशी वैर पत्करायचे धाडस या माणसात कुठून आले असा प्रश्न पडत असेल, तर ज्याच्या गावात रात्रभर चामड्याच्या वहाणा घालून राखणदार फिरतो आहे, त्याने साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला का भ्यावे?

तिथून जवळच रेडीला वेगळा प्रकार. तिथला गणपती १९७६ साली लोहखनिजाच्या खाणीत सापडला. स्वप्नात दृष्टांत झाला, खणले आणि द्विभुज गणपतीची भलीमोठी मूर्ती निघाली. उंदीर मात्र त्याच्याबरोबर नव्हता. तो पुढे निराळा खणून काढावा लागला. वाहन मागाहून येणे ही गोष्ट कोकणात इतकी अंगवळणी पडलेली आहे की या उशिराचे कोणालाच नवल वाटले नाही.

देवगडजवळच्या कुणकेश्वराची दंतकथा याहून चटका लावणारी आहे. परदेशी, कोणी अरब म्हणतात कोणी इराणी, व्यापाऱ्याचे गलबत वादळात सापडले. किनाऱ्यावर दूर दिवा दिसला. "वाचलो तर तुझे देऊळ बांधीन," असे तो त्या दिव्याच्या देवाला बोलला, वाचला आणि शब्दाला जागून देऊळ बांधले. पण आता परत आपल्या लोकांत जायची सोय उरली नाही म्हणून त्याने देवळाच्या शिखरावरून उडी टाकली. देवळाजवळ त्याची कबर दाखवतात. आपल्याकडे नवस बोलून काम झाल्यावर पाच नारळांचे तीन करणारी माणसे असतात. त्यांना ही गोष्ट सांगितली की ती तत्परतेने म्हणतात, "व्यापारी होतो ना तो, तेका परवाडता."

आता जत्रा. वर्षभर गावच्या माणसांची कामे करणाऱ्या देवाला एक दिवस तरी आराम मिळावा, असे कोणालाही वाटेल. पण जत्रा हा देवाच्या दृष्टीने जादा ड्यूटीचा दिवस. मुळात तो दिवस कधी येणार हेसुद्धा सगळीकडे पंचांगावर अवलंबून नसते. मालवण तालुक्यात मसुऱ्याजवळ आंगणेवाडी आहे. तिथल्या भराडीदेवीच्या जत्रेला तिथी नाही. तारीख देवीच ठरवते. दिवाळीनंतर कौल, पारध असे रूढीचे टप्पे पार पडले की मग कळते. कालनिर्णयवाल्यांनी सगळ्या देशाचे सण छापले, पण आंगणेवाडीपुढे त्यांनीही हात टेकले.

मुंबईतल्या कचेऱ्यांमध्ये यामुळे दरवर्षी एक विलक्षण संवाद होतो.

"साहेब, जत्रेला रजा हवी होती."

"कधी आहे जत्रा?"

"ते अजून ठरायचं आहे."

"कोण ठरवणार?"

"देवी."

साहेब मराठी असेल तर नुसता उसासा टाकतो. परप्रांतीय असेल तर त्याला बसवून सगळे समजावून द्यावे लागते, आणि दोन वर्षांनी तोच साहेब डिसेंबर उजाडला की अस्वस्थ होऊन विचारू लागतो, "देवी का कुछ आया क्या?" एकदा तारीख जाहीर झाली की मग ती बदलत नाही. निवडणूक असो, परीक्षा असो, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, दीड दिवसाच्या त्या जत्रेत लाखो माणसे लोटतात आणि सगळ्या पक्षांचे सगळे पुढारी हजेरी लावतात. विधानसभेत एकमेकांची तोंडे न बघणारे इथे एकाच रांगेत दिसतात. म्हणजे रांग त्यांना नसते, पण समजा. प्रत्येकजण देवीकडे मागणे मागून बाहेर येतो आणि पत्रकारांना सांगतो की राज्यात भरपूर पाऊस पडू दे एवढेच मागितले. फेब्रुवारीत.

या जत्रेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र पुढाऱ्यांच्या गाड्या दिसतात त्या रस्त्यावर घडत नाही. देवीचा प्रसाद आंगणे मंडळींच्या घराघरांत शिजतो आणि तो रांधणाऱ्या बायका तेवढा वेळ मौन पाळतात. मोठमोठाली भांडी, चुलीची धग, घरात पाहुण्यांची झुंबड, आणि तोंडातून अक्षर नाही. मीठ कुठे आहे ते डोळ्यांनी विचारायचे आणि डोळ्यांनीच सांगायचे. बायका गप्प राहू शकतात हे असे दरवर्षी जाहीरपणे सिद्ध होते. पुरुषांची ही परीक्षा अजून कुठल्याही देवीने घेतलेली नाही. देवी दयाळू असते म्हणतात ते उगीच नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात मारळच्या मार्लेश्वराचे तर दर मकरसंक्रांतीला लग्न लागते. नवरी गिरिजादेवी, साखरप्याहून पालखीत बसून येते. दरवर्षी तोच नवरा, तीच नवरी, तोच मांडव, तेच मानकरी. इतक्या वर्षांच्या अनुभवाने हे लग्न तरी बिनबोभाट, वेळेवर आणि रुसव्याफुगव्यांशिवाय लागायला हरकत नव्हती. पण लग्न ते लग्नच. मान कोणाचा आधी, पालखीला खांदा कोणाचा, हे विषय देवाच्या लग्नातही सुटत नाहीत.

मान ही गोष्टच तशी आहे. कोकणातल्या देवळात देव एक आणि मानकरी अनेक. पहिला नारळ कोणाचा, दुसरा कोणाचा, शिमग्यात पालखी पहिली कोणाच्या अंगणात, होळीला पहिला घाव कोणी घालायचा, जत्रेत तरंग कोणी धरायचा, हे सगळे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते आणि पिढ्यान् पिढ्या कोणाला तरी मान्य नसते. मग भावकीत बाचाबाची, मग पोलीस पाटील, मग वकील. अशा भांडणांपायी देवळाला टाळे लागल्याची उदाहरणे आहेत. देव सर्वव्यापी आहे, पण किल्ली तहसीलदारांकडे. तिकडे सणाच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसे शांतता समितीच्या बैठकीत समोरासमोर बसतात आणि साहेबांना सांगतात की आमच्यात काही वाद नाही, फक्त त्यांनी आमचे ऐकावे. वर्षभर मुंबईत एकाच चाळीत शेजारी राहून एकमेकांच्या घरची आमटी खाणारे दोघे शिमग्याला गावात आले की एकमेकांशी बोलत नाहीत, आणि परतीच्या गाडीत पुन्हा शेजारी बसून चकल्या खातात. भांडण गावाचे असते. ते गावात ठेवून यायचे.

शिमगा म्हणजे देव स्वतः घरी येण्याचा सण. पालखी दारोदार फिरते. वर्षभर आपण त्याच्याकडे जाऊन कुरकुरतो, आता तो पाहणीला आला. अंगण सारवलेले, रांगोळी, बायकांच्या हातात ओटीचे ताट. पालखी नाचवणारे तरुण घामाने निथळलेले. पालखी खांद्यावर तोलून, उसळवून, वाकवून ते असे नाचवतात की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. आत बसलेल्या देवाच्या पोटात काय होत असेल त्याचा विचार करायची पद्धत नाही. आणि एकदा पालखी वळली की जी घरे वर्षभर मुंबईला कुलूपबंद असतात त्यांचीही दारे उघडलेली दिसतात. नळाला पाणी नसो, छपरातून आभाळ दिसो, पालखी दाराशी आली तेव्हा दार बंद होते असे होता कामा नये.

दक्षिणेकडे, मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजूला जत्रा म्हणजे दशावतार. कार्तिक लागला की गावोगावी सुरू. सोनुर्लीच्या माउलीला लोटांगणांची जत्रा, आणखी कुठे केळ्यांची, पण रात्री सगळीकडे नाटक. रंगमंच नसतो. देवळाच्या मंडपात एक बाकडे. हेच बाकडे सिंहासन, हेच कैलास, हेच कारागृह आणि शेवटच्या अंकात दमलेल्या राजाला टेकायला हेच. बाजूला पेटी, पखवाज, झांज. नाटक लिहिलेले नसते. आज कुठले आख्यान लावायचे ते संध्याकाळी ठरते, कोण काय करणार ते रंग लावताना, आणि कोण काय बोलणार ते बोलायला तोंड उघडल्यावर.

सुरुवातीला येतो संकासुर. काळा पोशाख, काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद याने पळवले आहेत. खरे म्हणजे हा खलनायक, पण वेद पळवल्याचा राग प्रेक्षकांत कोणालाच नसतो. कारण आख्ख्या मंडळीत हाच तेवढा मालवणीत बोलतो. देव छापील मराठीत बोलतात, राजे तर 'हे प्राणप्रिये, तुझ्या मुखचंद्रावर ही विषण्णतेची छाया कशासाठी' असे एका दमात बोलतात. संकासुर मात्र सरपंचाने रस्त्याचे काय केले ते विचारतो. सरपंच पुढच्या खुर्चीवरच बसलेला असतो. त्याला हसावे लागते. सर्वांत मोठ्याने हसावे लागते. मग विष्णू येऊन संकासुराला मारतो, वेद परत मिळतात, आणि सरपंच मनापासून टाळ्या वाजवतो.

मध्यरात्रीनंतर आख्यान रंगते. लहान मुले चटईवर आडवी. भोवती खाज्याची दुकाने, चण्याच्या राशी, भज्यांचा घाणा, फुगे. देवळाच्या मागच्या बाजूला ज्या पत्त्यांच्या गोष्टी चालतात त्या इथे नकोत. एवढ्यात राक्षस प्रवेश करतो. त्याची आरोळी एवढी असते की झोपलेली मुले उठून बसतात, उठून बसलेली रडतात आणि वेशीवरची कुत्री भुंकतात. राक्षस दोन गिरक्या घेतो, तलवार परजतो आणि मग पेटीवाल्याला सूर देतो. आता त्याचे पद. राक्षस असला तरी त्याला गाता येणे सक्तीचे आहे. समोरच्या नायिकेचे पातळ, अंबाडा, पापण्यांची फडफड बघून मुंबईहून आलेली एखादी सूनबाई शेजारणीला विचारते, "ही कोण गो?" शेजारीण म्हणते, "तो आमचो लाइनमन. आज लायट जाणार नाय."

आणि खरेच जात नाही. १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने आणि मच्छिंद्र कांबळींनी गावच्या नाटकाची ही सगळी गंमत मुंबईच्या रंगभूमीवर नेली तेव्हा शहरातल्या लोकांना वाटले, केवढी अतिशयोक्ती! कोकणातल्या प्रेक्षकांना वाटले, बरेच हातचे राखून लिहिले आहे.

पण विक्षिप्तपणाचा पहिला मान द्यायचा तर तो आचऱ्याला. तिथला देव इनामदार श्री देव रामेश्वर. काही वर्षांच्या अंतराने तो कौल देतो आणि सगळे गाव तीन दिवस, तीन रात्री घर सोडून वेशीबाहेर जाते. गावपळण. चिंदरला, वायंगणीलाही असते. वैभववाडीकडच्या शिराळ्यात दरवर्षी असते. नुसती माणसे जाऊन भागत नाही. गुरे, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, सगळे. बाकीचे पक्षी मोकळे, कारण ते ग्रामपंचायतीच्या हद्दीत मोडत नाहीत. वेशीपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात, गावातले इतर धर्माचे लोकही बाहेर पडतात, आणि तीन दिवस भजने, फुगड्या, पत्ते, माशांची कालवणे असा बहर येतो.

हे कशासाठी, याची उत्तरे माणसागणिक वेगळी. तेवढे तीन दिवस गाव भुताखेतांच्या ताब्यात असतो, असे जुने लोक सांगतात. त्यांनाही राहायला जागा लागते. वर्षानुवर्षे माणसांनी अडवून धरली तर त्यांनी जायचे कुठे? शिकलेले सांगतात की यामागे आरोग्याचा विचार आहे, गाव तीन दिवस निर्मनुष्य राहिला की हवा शुद्ध होते. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे यावर टीका करतात आणि भुतांची बाजू मात्र कोणीच ऐकून घेत नाही. मला यात सर्वांत कौतुक वाटते ते एका साध्या गोष्टीचे. घरे उघड्यावर टाकून माणसे जातात. मी एका काकांना विचारले, "चोऱ्या होत नाहीत?"

"कोण करतलो?" काका म्हणाले. "चोर पण गावचोच. तो आमच्या बाजूच्याच खोपीत आसा. काल रात्री तेनाच माशे आणल्यान."

परत यायचे तेही कौल मिळाल्यावर. देव नाही म्हणाला तर मुक्काम वाढला. म्हणजे आख्ख्या गावाने बाहेर राहून देवाला एकट्यालाच आत ठेवले असे म्हणावे, तर तिथेही सुटका नाही. बाहेरून माणसे विचारतच असतात, येऊ का, येऊ का.

असे सगळे चालू असताना गेल्या काही वर्षांत या देवांवर एक नवे संकट आले आहे. जीर्णोद्धार. प्रत्येक गावाचे एक मुंबई मंडळ असते, मंडळाचे पावतीपुस्तक असते, आणि कोणाच्या तरी ओळखीचा एक काँट्रॅक्टर असतो. मग जांभ्या चिऱ्याची, कौलारू, लाकडी खांबांची थंडगार देवळे पाडली जातात आणि तिथे स्लॅब येतो. खांबांना गुलाबी ऑइलपेंट येतो. जमिनीला शेणाच्या सारवणाऐवजी किंवा गुळगुळीत कोब्याऐवजी टाइल्स येतात. आणि त्या नेमक्या अशा निवडलेल्या असतात की माणूस आत शिरताच नकळत बादली कुठे आहे ते बघतो.

आमच्या ओळखीच्या एका गावात याच टाइल्सवरून कौल लावायचा ठरला. पंखे बंद केले. सगळ्यांनी नावे वाचून घेतली. गुरवाने विचारले, "देवा म्हाराजा, तुझ्या देवळात टायली घालूक तुझी परवानगी आसा काय?" डावी पाकळी पडली. पुन्हा विचारले. डावी. तिसऱ्यांदा चुचकारून विचारले. डावी, आणि तीसुद्धा ताबडतोब. टाइल्स तर आलेल्या. टेम्पो बाहेर उभा, आणि परत नेण्याचे भाडे कोण देणार या प्रश्नावर मंडळाचे सगळे पदाधिकारी पंख्यांकडे बघत होते.

तेव्हा कोपऱ्यातले निवृत्त हेडमास्तर पुढे झाले. त्यांनी गुरवाच्या कानात काही सांगितले. गुरवाने नव्याने पाकळ्या लावल्या आणि विचारले, "देवा म्हाराजा, टायली घालूच नयेत असा तुझा म्हणणा आसा काय?"

डावी.

"बघा," हेडमास्तर म्हणाले, "तसं त्याचं काही म्हणणं नाही."

टाइल्स बसल्या. पांढऱ्याशुभ्र, कडेने निळी नक्षी. पहिल्या पावसात ओले पाय घेऊन आत आलेले खुद्द हेडमास्तर सभामंडपापासून गाभाऱ्यापर्यंत न थांबता पोचले. आता दारात पाटी आहे: 'पाय जपून ठेवावेत. आदेशावरून.' कोणाच्या आदेशावरून ते लिहिलेले नाही, पण मानकऱ्यांत त्यावरून बोलणी चालू आहेत.